न झालेली चूक

पांग मास्तरांच्या हॉलमध्ये हरलेल्या माणसाला तडक उठून जाता येत नसे. कोरियातल्या गुनसान बंदरात, जाळी विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर हा बदुक नावाच्या पटखेळाचा हॉल. काळ्या-पांढऱ्या खड्यांचे पट मांडून म्हातारे दिवसभर बसलेले, कोपऱ्यात सातूच्या चहाची किटली रटरटतेय. डाव संपला की दोघांनी तोच डाव पहिल्या खड्यापासून पुन्हा मांडायचा आणि हार नेमकी कुठल्या खड्यावर झाली ते हुडकायचं. ते सापडेपर्यंत सुटका नाही. आयुष्यभर टगबोट चालवून आता रिकामे झालेले म्योंगकाका एकदा लघवीचं निमित्त करून सटकले, तर मास्तर जिन्यात आडवे उभे.

"अहो हारलो म्हनलं की! आता काय जीव घेता का?"

"हारला ते समद्यांनी बघितलं. कुठं हारला ते सांगा, मग खुशाल मुता."

मास्तरांची एकुलती एक मुलगी तेरिन या खड्यांतच रांगली. अकराव्या वर्षी सोलच्या बदुक शाळेत गेली, सात वर्षं पटावर मान मोडून बसली. अठराव्या वर्षापर्यंत व्यावसायिक खेळाडूंत निवड झाली तर झाली, नाहीतर घरी. तेरिन शेवटचा डाव अर्ध्या गुणाने हरली. गावी परतली तेव्हा तिची पिशवी उंबऱ्यातच होती आणि बापाने पट मांडायला घेतला होता. दोघांना तो खडा सापडला. डावीकडे, घाईत टाकलेला.

तेव्हापासून घरात तो शब्दच होऊन बसला. भात करपला की मास्तर म्हणायचे, "पडला वाटतं डावीकडचा खडा." आई वारली त्या वर्षीही, इस्पितळात उशिरा नेलं म्हणून ते असंच काहीसं पुटपुटले होते. तेरिनला त्या खड्याचा राग कधी आला नाही. उलट आधारच होता. तेवढा एक खडा सोडला तर आपण चांगल्या होतो, असं मनाशी म्हणता यायचं.

पुढे ती खेकडे डब्यांत भरणाऱ्या कारखान्यात हिशेबाला लागली. हॉल मात्र ओसरत चालला. म्हातारे एकेक करून गेले आणि पोरं काही त्यांच्या जागी बसायला येईनात. घरमालकाने सांगून टाकलं, जागेसाठी कॉफीवाला मागे लागलाय, हिवाळ्याआधी होय की नाही ते कळवा. मास्तर दिवसभर फडक्याने पट पुसत बसायचे. माणूस नसलेलेही.

अशात मुयॉलचा फोन आला. मुयॉल शाळेतला, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, तोही अठराव्या वर्षी बाहेर पडलेला. आता मकावमध्ये राहून शाळेतल्याच आठ-दहा नापासांना घेऊन संगणकावर पोकर खेळायचा आणि त्यावर सगळ्यांचं चांगलं चालायचं.

"दादा, जुगारच ना तो शेवटी?"

"जुगार म्हणून खेळणारे वेगळे, तेरिन. त्यांच्यावरच तर आपलं पोट आहे. खातं माझं, पैसे माझे, कमाई अर्धी अर्धी. अट एकच. मी शिकवीन तसंच खेळायचं. मला विचारल्याशिवाय एक केससुद्धा इकडचा तिकडे करायचा नाही."

"आणि हरले तर?"

"हरलीस तर जास्तच नाही करायचा."

तेरिनने कारखाना सोडला. हॉलच्या मागच्या खोलीत संगणक लागला. कायद्याला हे मान्य नव्हतं, म्हणून शेजारीपाजारी भाषांतराचं काम म्हणून सांगितलं आणि खिडकीला पडदा ओढला. तिकडे अमेरिकेत संध्याकाळ झाली की इकडे सकाळ, तेव्हा न्याहारी उरकून ती बसायची. संगणकाच्या पडद्यावर सहा टेबलं एकदम उघडी. प्रत्येकाला दोन पानं लपवून वाटलेली, मधे पाच पानं सगळ्यांत मिळून, ती हळूहळू उघडायची. कुठल्या जागेवर बसलं असताना कुठली दोन पानं खेळायची याचं कोष्टक मुयॉलने पाठ करून घेतलं होतं. बहुतेक सगळीच टाकायची, म्हणजे तो डाव सोडून द्यायचा. पहिला महिना तिला वाटलं, आपल्याला पानं टाकण्याचीच नोकरी लागली आहे.

सुरुवातीला थोडं मिळालं. मास्तरांनी घरमालकाला सांगितलं, "दम धरा जरा. पोरीचं बस्तान बसतंय."

मग हरू लागली.

पहिल्या मोठ्या हारेला मास्तर नेमके चहा घेऊन आत आले होते. तेरिनकडे एक्क्यांची जोडी, दोन पानांत याहून वरचं काही नसतंच. समोरच्याकडे राजांची जोडी. दोघांनी पुढ्यातलं सगळं मधे लोटलं. पाच पानांतलं शेवटचं पान उघडलं, ते बदामचा राजा. समोरच्याचे राजे तीन झाले.

मास्तरांनी चहा खाली ठेवला, खुर्ची ओढली. "मांड."

"काय मांडू, आबा?"

"डाव. पयल्यापास्नं. कुठं चुकली बघू."

"चूक नाही झाली. अशी गाठ पडली तर पाचांतून चारदा मी जिंकते. ही पाचवी."

"म्हंजी पाचव्याला हरायचं आधीच ठरलेलं? मग पाचव्याला बसायचंच कशापायी?"

तेरिन हसली. ते हसले नाहीत. आयुष्यभर त्यांनी कुणालाच चूक नसताना हरलेलं पाहिलं नव्हतं. पोटच्या पोरीला तर नाहीच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची तिच्या खुर्चीशेजारी कायमची आली. तेरिन मोडलेले डाव दुपारी पुन्हा उघडून दाखवायची आणि मास्तर गुडघ्यावर पट घेऊन काळे-पांढरे खडे टाकत जायचे. इंग्रजीचं अक्षर वाचता येत नव्हतं, पण समोरच्या माणसाचा श्वास त्यांना पट पाहून कळायचा. त्यावर तर उभा जन्म काढलेला.

"हितं बघ. ह्यो बाबा वाईच थांबला, आन् मग एकदम पैसं लावलं. हातात काय तरी हाय म्हनून थांबला."

"त्याचं इंटरनेट हळू असेल, आबा."

"असंल. न्हाय बी असंल."

एक-दोनदा त्यांचं खरं निघालं. तेवढंच तिला पुरलं. हरलेल्या प्रत्येक डावात आता एखादा डावीकडचा खडा सापडू लागला, आणि काय सांगावं, तिला बरं वाटू लागलं. मुयॉलच्या हिशेबात ती नुसती हरत होती. बापाच्या हिशेबात ती शिकत होती.

मग समोरचा थांबला की ती चांगली पानंही टाकू लागली. राण्यांची जोडी टाकली, राजांची टाकली. जिथे टाकायची तिथे मात्र अडून बसली, कारण मास्तर म्हणाले होते, ह्यो गडी घाबरलाय. एका सकाळी तर तिने एक्क्यांची जोडी टाकली. मास्तरांनी पाठीवर थाप मारली. "आत्ता कसं! मागल्या खेपंला हितंच मेलो होतो."

म्योंगकाका दारातून डोकावून म्हणायचे, "काय मास्तर, भाषांतर कितपत आलं?"

"चुका सुधरायचं चाललंय."

"बघा हां. सुधरता सुधरता कोरा कागद नाय राहिला म्हंजी मिळवली."

थंडी पडायला लागली तेव्हा मुयॉलचा फोन आला. मास्तर बाजूलाच बसलेले, मांडीवर पट.

"तेरिन, तुझे सगळे डाव बघितले मी. पहिल्यापासून."

"हरतेय, दादा. माहितेय मला."

"सुरुवातीला हरलीस त्याचं काही नाही. तेव्हा तू एकही पान चुकली नव्हतीस. अजून वर्षभर तशी हरली असतीस तरी मी पैसे घालत राहिलो असतो. आपल्यातल्या कुणालाच एवढं स्वच्छ खेळता येत नव्हतं, सांगतो तुला. पण त्यानंतर जे खेळतेयस ते माझं नाही. राजांची जोडी टाकतेस? एक्के टाकलेस? कोण शिकवतंय तुला?"

तेरिनने बाजूला पाहिलं. चष्मा कपाळावर सरकवून मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होते, मधेच पटावरचा एक खडा बोटाने सरळ करत होते.

"कुणी नाही. माझं मीच."

"खातं बंद करतोय. राग नाही माझा. पण मोडलेला हात परत बसवता येतो, ही सवय नाही मोडता येत. मी प्रयत्न केलेत दुसऱ्यांवर." आणि मग, शाळेत असताना बोलायचा तशा आवाजात, "जेवतेस ना नीट?"

तिने फोन ठेवला.

"काय म्हनला?"

काहीतरी सांगायलाच हवं होतं. "चूक सापडली म्हणाला."

मास्तरांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी. "सापडली? मग झालं की! कुठं व्हती?"

तेरिनने पडद्यावर बोट फिरवलं आणि तो पहिला डाव उघडला, एक्क्यांचा, बदामच्या राजाचा. तिच्या हातून झालेला सगळ्यात निर्दोष डाव. "इथे. सगळं मधे लोटायला नको होतं."

"म्या तवाच म्हनलो न्हवतो?" मास्तर कितीतरी वेळ त्या डावाकडे बघत राहिले. "चला. सापडली म्हनल्यावर काळजी मिटली. उद्या सकाळी ताज्या दमानं बसू."

सकाळी ते तिच्या आधी उठले. मोड आलेल्या सोयाबीनचं सार केलं, वाळवलेला मासा भाजला. ती मागच्या खोलीत गेली तेव्हा खुर्च्या शेजारी शेजारी लागलेल्या होत्या. सार पिऊन झालं की सांगायचं, असं तिने ठरवलं. पिऊन झालं. मास्तर म्हणाले, "हं, लाव."

संगणक लावला. मुयॉलचं खातं उघडेना. ते उघडणार नव्हतंच. त्याच साइटवर फुकटात खेळायची टेबलं असतात, नवख्यांनी हात बसवायला. तिथे पैसे खोटे, मागाल तेवढे मिळतात, आणि हरण्यासारखं कुणाकडेच काही नसल्यामुळे जो तो कशावरही सगळं मधे लोटतो. दिसायला टेबल तेच, पानं तीच. तेरिनने त्यातलं एक उघडलं. बाप चहासाठी उठेपर्यंतच, मग सांगू.

मास्तर उठलेच नाहीत.

ती जिंकू लागली. तिथे कुणीही जिंकलं असतं. कोपऱ्यातला आकडा फुगत गेला. मास्तरांना आकडे वाचता येत होते, शेजारी लिहिलेलं इंग्रजी येत नव्हतं. ते पुढे सरकले, चष्मा खाली ओढला.

"आगं... आगं पोरी!"

"आबा..."

"बोलू नगंस. खेळ. येका खड्यापायी किती दिस घालवले बघ." त्यांनी डोळे मनगटाने पुसले. त्यांना रडताना तिने आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. "आठ वर्सं मला वाटायचं, पोरीला म्याच कायतरी कमी शिकवलं."

तेरिनने पुढच्या डावातही सगळं मधे लोटलं.

मास्तर हॉलमध्ये गेले. भिंतीवरच्या फोनचे आकडे दाबल्याचा आवाज आला. म्योंगकाका कुणाशी तरी म्हणत होते, "काय, आज मास्तर लय फुललेत." मग मास्तरांचा आवाज, पट मांडून बसलेल्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जावा एवढा मोठा.

"मालक, कॉफीवाल्याला सांगा म्हनावं, दुसरी जागा बघ. व्हय, व्हय. हॉल सोडत न्हाय आम्ही. दोन वर्सांचं लिहून घ्या माझ्या नावावर."

पडद्यावर तेरिनला एक्क्यांची जोडी आली होती. समोरच्याने कशावर तरी सगळं मधे लोटलं होतं आणि तिच्याकडून उत्तर मागत चौकोन लुकलुकत होता. ती उठून हॉलच्या दारापर्यंत गेली. मास्तर फोनवर भाड्याचा आकडा ठरवत होते, मोकळ्या हाताने रिकाम्या पटावरची धूळ पुसत होते. तिला पाहून त्यांनी मान हलवून विचारलं, काय गं?

"काही नाही," तेरिन म्हणाली, आणि परत जाऊन बसली.