तीन प्रश्नांनंतरचा चौथा

आमचा शेजारी कल्याणप्पा ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पिणारा. मुरूम शहराजवळच्या आमच्या गावात तीस वर्षं त्याचाच साउंड. लग्नं, जत्रा आणि सगळ्या पक्षांच्या सभा. भाषणं ऐकून ऐकून त्याचे कान असे तयार झालेत की टाळी पडायच्या आधीच त्याचा हात बटणावर असतो. "आवाज खाली आला. आता ह्याची आई येती बघ," असं तो म्हणायचा अवकाश, की पुढारी आपल्या कष्टाळू आईवर आलाच. एकच वाक्य तीनदा आलं की टाळी हवी आहे. घाम गाळायचा असेल तर 'आपण', श्रेय घ्यायचं असेल तर 'मी'. त्याची बायको मल्लम्मा कानडीत दटावायची, "सुम्नीर्री!" पण गप बसेल तो कल्याणप्पा कसला.

गेल्या वर्षी ग्रामसभेला एक बडे साहेब आले. गावाचं गायरान एका कंपनीला द्यायचं घाटत होतं, पण नोटिशीवर नुसतं 'विकासकामे' लिहिलेलं. कल्याणप्पाला तिथंच वास आला. मल्लम्माच्या अकरा शेळ्या त्याच गायरानावर चरायच्या. ते गेलं तर त्या विकाव्या लागणार. त्यात साहेबांच्या माणसानं येऊन सांगितलं, "एको वाढवा, आवाज घुमला पाहिजे." मग तर काहीतरी गळी उतरवायचा डाव आहे, अशी त्याला खात्रीच पटली.

साहेबांनी हात उंचावला. "गावाला रस्ता पाहिजे का?" सगळे हात वर. "पोरींना कॉलेजला जायला बस पाहिजे का?" हात वरच. "पाणी पाहिजे का?" लोक ओरडले, "पाहिजे!" आणि त्याच दमात साहेब म्हणाले, "मग गायरान द्यायचं ना?"

फोटोवाल्यानं फोटो काढला. ग्रामसेवकानं 'सर्वानुमते' लिहायला घेतलं. वर गेलेल्या हातांत मल्लम्माचा हात होता. सांगायला लाज वाटते, माझाही होता.

कल्याणप्पानं जवळचा दुसरा माइक उचलला.

"साहेब, पहिल्या तीन सवालांचे हात खाली येऊ द्या. मग चौथा एकटाच इचारा. एको बंद केलाय म्या."

साहेब हसले. "विरोधकांचा माणूस दिसतोय."

कुणी हसलं नाही. मागून म्हाताऱ्या उमाबाई म्हणाल्या, "इचारा की, साहेब. त्यात काय एवढं?"

साहेबांना विचारावंच लागलं. कोरड्या आवाजात तो प्रश्न अगदी उघडा पडला. मल्लम्माचा हात मांडीवरच राहिला. वर आले ते चार हात, चारही सरपंचाच्या घरचे.

ठराव बारगळला. त्यानंतर कुठल्याच पक्षानं कल्याणप्पाला साउंड सांगितला नाही. मल्लम्मा कधी कधी चिडते, पण शेळ्या सोडायला रोज गायरानावरच जाते. तो म्हणतो, "कंपनीवाले गेलेत, पर गायरानाचा नाद सोडला न्हाई त्यांनी. परत येतील." म्हणून सभा कुणाचीही असो, तो रिकाम्या हातानं येतो आणि पुढं बसतो. भाषण करणारा लागोपाठ प्रश्न विचारू लागला, की हात वर करायच्या आधी अख्खं गाव कल्याणप्पाकडं बघतं.