मेहरुनचा पदर आणि चिनी फ्लॅश

स्वारगेटच्या मागे माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आणि त्याला लागून शमशुद्दीनचा फोटो स्टुडिओ. लग्नाचे फोटो काढायला तो एकटा कधी गेला नाही. कॅमेरा त्याच्या गळ्यात, फ्लॅश त्याच्या बायकोच्या, मेहरुनच्या हातात आणि दोघांच्या मध्ये एक काळी वायर. उजेड बाजूनं पडला तर नाकडोळे उठून दिसतात, समोरून पडला तर माणूस पासपोर्टवरचा दिसतो, असं त्याचं म्हणणं. त्या वायरीत अडखळून निम्म्या पुण्यातल्या वरमाया पडता पडता वाचल्या असतील.

पुढे आयटीवाल्यांची लग्नं आली आणि मेहरुनचे गुडघेही कुरकुरायला लागले. माझा भाचा अभिनव हिंजवडीत नोकरीला. त्याच्या बहिणीच्या, उत्कर्षाच्या लग्नाचं काम मी शमशुद्दीनला मिळवून दिलं, तेव्हा अभिनवनं एकच अट घातली. "मामा, स्टेजवर वायर नको."

शमशुद्दीन बाजारात जाऊन आला. एक होता रेडिओ ट्रिगर, म्हणजे एक डबी कॅमेऱ्यावर, दुसरी फ्लॅशला आणि मध्ये काही नाही. त्याहून बराच स्वस्त होता एक चिनी फ्लॅश. त्याला पुढे लाल डोळा. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश चमकला की तो उजेड पाहून हा आपोआप पेटायचा. शमशुद्दीननं अर्थातच स्वस्त तेच उचललं. स्टुडिओत मला स्टुलावर बसवून पाहिलं, एकदाही चुकला नाही.

"आता हा स्टँडवर उभा राहील. तू बसून घे," तो मेहरुनला म्हणाला.

"और मैं?" तिनं विचारलं.

त्याला प्रश्नच कळला नाही. मला कळला, पण मी गप्प बसलो. पुणेकर गप्प बसला, याची नोंद घ्यावी.

लग्न कात्रजच्या एका कार्यालयात होतं. मामा म्हणून मी उत्कर्षाच्या पाठीशी उभा, त्यामुळे सगळं दिसत होतं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि अभिनवच्या ऑफिसातली मंडळी स्टेजपुढे गोळा झाली. प्रत्येकाच्या हातात डिजिटल कॅमेरा. कोणीही खटका दाबला की तो चिनी फ्लॅश पेटायचा. स्टुडिओत कॅमेरा एकच होता, हे शमशुद्दीनच्या ध्यानातच आलं नव्हतं. इथं त्याचा फ्लॅश साऱ्या गावाची फुकट चाकरी करत होता आणि मालकाची पाळी आली की दम खात बसत होता. अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो. तो हुकला असता तर त्याचं नाव गेलं असतं आणि माझा शब्दही.

शमशुद्दीनबरोबर आलेली मेहरुन बाजूच्या खुर्चीवरून उठली. गुडघ्यावर हात देत स्टँडपाशी आली आणि पदराचं टोक तिनं त्या लाल डोळ्यावर धरलं. फ्लॅश गप्प झाला. सारा जन्म लोकांच्या लग्नांत उभी राहिलेली बाई. कुठल्या ओळीनंतर काय होतं, ते तिला तोंडपाठ. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट सरकला आणि त्याच क्षणी तिनं शमशुद्दीनच्या बाजूनं पदराला बोटभर फट केली, फक्त त्याच्याच कॅमेऱ्याची चमक आत जाईल एवढी. त्यानं ते पाहिलं आणि खटका दाबला. उत्कर्षाची मान नुकती वर झालेली, गालावर बाजूनं उजेड. तो फोटो आजही तिच्या दिवाणखान्यात आहे.

पुढच्या हंगामात शमशुद्दीननं रेडिओ ट्रिगर घेतला. माझ्या मुलाच्या लग्नात फ्लॅश मुकाट्यानं त्याचंच ऐकत होता. तरी स्टँडशेजारी त्यानं खुर्ची मांडून घेतली होती आणि खुर्चीवर मेहरुन होती.

"आता रेडिओ आहे ना? मग भाभींना कशाला त्रास?" मी विचारलं.

"रेडिओ फक्त उजेड पाडतो," शमशुद्दीन म्हणाला. "खटका कधी दाबायचा ते मी हिच्याकडे बघून ठरवतो. वायर होती तेव्हा वाटायचं, निरोप माझ्याकडून तिच्याकडे जातोय. उलटंच होतं, साहेब."

मेहरुननं आमच्याकडे पाहिलंही नाही. "बोलत बसू नका," ती म्हणाली. "शेवटचं मंगलाष्टक सुरू झालंय."