बाटलीभर पेट्रोल

बाबांच्या जुन्या गाडीला कुठला कार्बोरेटर बसवला तर ती कमी पेट्रोल पिईल, हे आमचे पनवेलचे मेकॅनिक कागदावर बघत नाहीत. ते बॉनेटखाली एक लिटर पेट्रोलची बाटली बांधतात, तिची नळी कार्बोरेटरला जोडतात आणि गाडी बंद पडेपर्यंत नेऱ्याच्या रस्त्याने पळवतात.

पहिल्या रविवारी ते थेट घरात आले. "मागं आई बसायच्या ना? मंग तेवढं वजन पायजे."

बाबा गेल्यापासून आई उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. आपल्याला वजन म्हणून न्यायला आलेत म्हटल्यावर ती हसली, आणि चक्क निघाली. गाडी बंद पडली, तिथल्याच शेतावरून तिने वालाच्या शेंगा घेतल्या.

त्या दिवशी जुना कार्बोरेटर होता. पुढच्या रविवारी छोटा लावला, तर गाडी चार किलोमीटर जास्त पळाली. तरी चौथ्या रविवारी हे आपले बाटली भरतायत! मी वैतागलोच.

"अहो, छोटाच बसवायचा हे ठरलंय ना?"

त्यांनी बाटलीचं बूच घट्ट केलं. आई आतून चपला शोधत होती.

"कवाच ठरलंय," ते हळूच म्हणाले. "पन आईंना नका सांगू."