बारावी आर्ट्सची अमेरिका

शिक्षकाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे ते आपोआप अंगावर बसतात, आणि घरी येऊन झटकले तरी थोडे राहतातच. माझ्याकडे राहिलेले बरेचसे एकाच वर्षाचे आहेत, आणि सगळे अमेरिकेचे.

मी भूगोलाची बाई, घोडेगावच्या अलीकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात. त्या जूनमध्ये इतिहासाच्या सरांची संस्थेच्या दुसऱ्या शाखेत बदली झाली आणि बारावी आर्ट्सचा इतिहास माझ्या गळ्यात आला. त्यात आधुनिक अमेरिका होती. स्वतः शिकत असताना ती मी ऑप्शनला टाकली होती.

"सर, मला यातलं काही येत नाही," मी प्राचार्यांना सांगितलं.

"अमेरिका नकाशात आहे ना, मॅडम? मग भूगोलच समजा."

*

अमेरिकेचा पहिला धडा महामंदीचा. रात्री वाचायचं आणि सकाळी शिकवायचं, असं चाललं होतं. मी सांगितलं, की दुधाला भाव मिळेना म्हणून तिकडच्या शेतकऱ्यांनी कॅनच्या कॅन रस्त्यावर ओतले. वर्गाला त्याचं काहीच वाटलं नाही.

मग मागच्या बाकावरून निरगुडसरचा संकेत म्हणाला, "मॅडम, हे मंदीत येतं व्हय? आमी मागच्या साली दोन पिकअप टोमॅटो वढ्यात ओतला. दादा म्हनले, आपलं नशीबच फुटकं."

नशीब नाही, माल जास्त आणि गिऱ्हाईक कमी झालं की असं होतं, हे समजावण्यात सगळा तास गेला. संकेतनं वर्षात पहिल्यांदा वही उघडली. चाचणीत त्यानं लिहिलं, "महामंदीची झळ युरोपला लगेच बसली. निरगुडसरला ती उशिरा बसली."

मी मार्क कापले नाहीत.

*

शीतयुद्ध मला सोपं वाटलं होतं. "लढाई नाही, पण बोलणंही नाही. दोघंही एकमेकांवर डोळा ठेवून," एवढं म्हणेपर्यंत वर्ग तोंड दाबून हसायला लागला. आमचे प्राचार्य आणि हेडक्लार्क भाऊसाहेब तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तेवढ्यात आमचे शिपाई धोंडूमामा दारात आले. "मॅडम, सर म्हनत्यात, भाऊसाहेबांना सांगा हजेरीपट पाठवा. भाऊसाहेब म्हनत्यात, सरांना सांगा आधी मागच्यावर सही करा. आता मी कुनाचं ऐकू?"

पायल उभी राहिली. बाजारपेठेतल्या मारवाडी कापडवाल्यांची मुलगी, अभ्यासात हुशार. ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "मॅडम, हे संयुक्त राष्ट्रसंघ ना?"

मामांच्या मागे, व्हरांड्यात, प्राचार्य उभे होते. ते तसेच माघारी वळले. रात्रभर मी पायलच्या वतीनं माफी कशी मागायची ते ठरवत होते.

सकाळी ऑफिसात गेले तर प्राचार्य भाऊसाहेबांच्या टेबलाशी उभे राहून सही करत होते. मला बघून म्हणाले, "तुमचं शीतयुद्ध शिकवून झालं का, मॅडम? झालं असेल तर पुढं सरका."

*

बोर्डाच्या पेपरला मी फाटकाबाहेर उभी होते. वर्षभर सगळ्यात जास्त घाम अमेरिकेवर गाळला होता. पोरं बाहेर आली.

"मॅडम, अमेरिका आलीच नाय," संकेत म्हणाला.

मी तिथंच कट्ट्यावर बसले.

"काळजी करू नका. मी दुसऱ्या प्रश्नात घातली तिला. जागा व्हती."

निकाल लागला तेव्हा मी यादी दोनदा वाचली. सगळे पास होते, संकेतसुद्धा. त्या दिवशी मी दुपारी चार तास झोपले.

*

आता त्याच वर्षातला सुमनचा किस्सा. सुमन शिनोलीच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतली, आदिवासी. वर्गात तिचा आवाज मी क्वचितच ऐकला होता. कॉलेजला ती आणि तिच्या तीन मैत्रिणी भाड्याच्या वडाप जीपनं यायच्या. वाटेत कुणी पावणा चढला, की ड्रायव्हर वाडीतल्या पोरींनाच उठवायचा आणि मागच्या फळीवर दाटीवाटीनं बसवायचा. हे मला माहीत नव्हतं. मी आपली एका सोमवारी अमेरिकेतल्या त्या काळ्या बाईचा धडा घेतला, जी बसमध्ये गोऱ्या माणसाला जागा द्यायला उठली नाही.

मंगळवारी ड्रायव्हर म्हणाला, "ऊठ गं, पावण्याला बसू दे."

"मी बी भाडं दिलंय," सुमन म्हणाली, आणि उठली नाही.

त्यानं जीप थांबवून तिला उतरवलं. मागोमाग तिघी आपणहून उतरल्या. चौघी चालत, घामाघूम होऊन माझ्या तासाला पोचल्या. दुसऱ्या दिवशीही चालतच आल्या.

जीपचं पुढं मिटलं. आठवडाभरानं ड्रायव्हरनंच गाडी थांबवून "बसा, कुनाला उठवत न्हाई" म्हटलं, आणि तो शब्द त्यानं पाळला. पण मी सांगतेय तो किस्सा गुरुवारचा, जेव्हा काहीच मिटलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत सुमनचे वडील आले. स्टाफरूममधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. पुस्तकातलं सांगून पोरगी बिघडवली, असं ते म्हणणार, आणि तिला घरी बसवणार, याची मला खात्री होती. मी खुर्ची दिली. ते टोपी हातात धरून कडेला टेकले.

"मॅडम, त्या बाईचं पुढं काय झालं? पोरगी म्हनती, ती जिंकली. खरं हाय का?"

"खरं आहे. तिचे लोक सगळे चालत राहिले. शेवटी कायदा बदलला."

"किती दिस चालले?"

"वर्षाच्या वर."

ते टोपी डोक्यावर घालून उठले.

"मंग हिला बूट घ्यावं लागत्याल," ते म्हणाले.