आधी पंप बॉडी

माझे कान तिखट आहेत आणि हे सांगताना मी लाजत नाही. चाकणच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मशीन चालू असताना मी दाराबाहेर फोनवर बोलत असले, तरी टूलची धार गेली की मला आवाजावरून कळतं. त्यामुळे त्या बुधवारी जेवणानंतर आमचा जुना कॉम्प्युटर कट्ट कट्ट करायला लागला, तेव्हा हार्ड डिस्क आता जाणार हे मी लगेच ओळखलं.

नवऱ्यानं येऊन बघितलं आणि जगातला सगळ्यात लाडका इलाज सुचवला. "बंद करून परत चालू कर."

"अजिबात हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"अगं, घाबरतेस कशाला? डी ड्राइव्हला आहे की सगळं."

फॉरमॅट मारला तर सी उडतो, डी सुरक्षित राहतो, असं त्यांना कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून ते मशीनचा प्रत्येक प्रोग्राम निष्ठेनं डी ड्राइव्हला ठेवायचे आणि त्याची दुसरी कॉपी, तीही डी ड्राइव्हलाच. एकाच डब्याचे दोन कप्पे. डबाच गेला तर कप्प्यांना काय अर्थ? मला हे कळत होतं, पण वेगळी डिस्क आणायला आम्हा दोघांनाही मुहूर्त मिळत नव्हता.

पिंपळे गुरवला आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे चाचा आहेत. त्यांना फोन लावला आणि डिस्कचा आवाज ऐकवला. "ताई, बंद करू नका," ते म्हणाले. "चालू आहे तोवर काहीतरी देईल. थांबली की परत उठायची गॅरंटी नाही. सगळ्यात महत्त्वाचं काय ते आधी काढा."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांची सुट्टी. दुरुस्तीसाठी सकाळपासून लाइट जाणार असल्याचा मेसेज आलेला होता. जे वाचवायचं ते संध्याकाळपर्यंतच.

मी पेनड्राइव्ह लावला. हे म्हणाले, "ब्रॅकेटचा प्रोग्राम घे आधी. शुक्रवारी माल जायचाय."

"नाही. आधी पंप बॉडी."

मशीनला टूल कुठून न्यायचं, किती खोल घालायचं, कुठं वळवायचं, हे पायरीपायरीनं सांगणारा तो प्रोग्राम. आमच्याकडचे सगळे मीच लिहिते. गिऱ्हाईक त्यांना 'सरांचे प्रोग्राम' म्हणतात, ते सोडा. पंप बॉडी हे आमच्याकडे आलेलं पहिलं अवघड काम, चारी बाजूंनी वाकडंतिकडं. मोठ्या कंपन्यांनी नको म्हटलेलं. मी कॉमर्सची, इथंच बघून बघून शिकलेली आणि तेव्हा दिवस भरत आलेले. पोट टेबलाला टेकायचं म्हणून खुर्ची तिरकी करून मी तो लिहिला होता. त्या कामानं वर्कशॉप उभं राहिलं.

"अगं, ब्रॅकेट अर्जंट आहे. पंप बॉडी काय, वेळ आली तर पुन्हा लिहिशील."

माझा पारा चढला. "ब्रॅकेट मी उद्या झोपेतही लिहीन. हा नाही लिहिता येणार. तेव्हा मी कसा विचार केला होता, मला आठवत नाही!" बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं, त्याचा आणखी राग आला. ते स्टूल ओढून शेजारी बसले.

एरवी चुटकीसरशी होणारी कॉपी अडून बसली. हिरवी पट्टी जराशी सरकायची, थांबायची, आतून कट्ट व्हायचं. आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. शेवटी पट्टी भरली. लॅपटॉपवर फाइल उघडून बघितली, शाबूत होती. मग आणखी बरेच प्रोग्राम आले. ब्रॅकेटची पाळी आली आणि आवाज बंद झाला. स्क्रीन निळा पडला. डिस्क गेली ती गेलीच.

'मी सांगत होतो' असं ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा मी मानते. "उद्या लिहून देते," मी म्हणाले आणि गुरुवारी सांगवीला घरी, स्वयंपाकाआधी लिहून काढला. शुक्रवारी माल गेला.

पुढच्या आठवड्यात नवीन कॉम्प्युटरवर पंप बॉडी नीट वाचायला घेतला. इतकी रडले होते, तर बघू तरी. बघते तर काय! प्रत्येक वळणाला टूल विनाकारण उंच उचललेलं. जॉबला धडकेल की काय, या भीतीनं. एकच जागा दोनदा घासलेली, खात्री नव्हती म्हणून. आधी हसू आलं. मग त्या पोटुशी बाईबद्दल फार माया वाटली. किती घाबरत होती बिचारी, आणि तरीही तिनं काम बिनचूक काढलं होतं.

जुना तसाच ठेवून एका दुपारी मी नवा लिहिला. मशीनला लावला. जॉब चांगलाच लवकर उतरला. यांनी तो पुसून सगळीकडून मापला, पुन्हा मापला. कुठं केसाचाही फरक नव्हता.

"इतकी वर्षं का नाही केलंस मग हे?" त्यांनी विचारलं.

"तेव्हा येत नव्हतं मला," मी म्हणाले. "आता येतं."