सेटवर आलेलं 'येतो'

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी ०९४० वाजता मी फ्रान्समधल्या एका लहान गावाच्या स्टेशनवर उतरलो. गाव आमच्या भातकुलीपेक्षा मोठं, अकोल्यापेक्षा कितीतरी लहान. फलाटावर हमाल नाही, चहावाला नाही, गर्दी तर नाहीच. वैष्णवी तेवढी उभी होती. तिनं माझ्या हातातली बॅग ओढून घेतली.

"काका, चार मिनिटं लेट झाली गाडी. मले वाटलं तुमी दुसरीकडंच उतरले."

"सुभेदार आहे मी. नकाशा वाचता येतो."

"नकाशा मराठीत नसते ना इथं," ती म्हणाली.

वैष्णवी माझ्या पलटणीतल्या मित्राची मुलगी. नाईक गजानन इंगळे, गाव बाळापूर, जिल्हा अकोला. तो गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता सत्तावीसची आहे. गावाबाहेर शेतीचं एक संशोधन केंद्र आहे, तिथे तिनं फळझाडांच्या मुळांना लागणाऱ्या बुरशीवर चार वर्षं काम केलं. तिच्या मामांची शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग आहे. तिथली झाडं उभ्या उभ्या वाळताना तिनं लहानपणी पाहिली होती, त्यावरून हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं. शुक्रवारी तिची शेवटची तोंडी परीक्षा होती. ती चारचौघांसमोर होते आणि घरची माणसं ऐकायला बसतात, अशी तिथली पद्धत. तिच्या आईचे, म्हणजे वहिनींचे, गुडघे एवढ्या प्रवासाला तयार नव्हते. "बाबाच्या जागेवर तुमी या," असं वैष्णवीनं फोनवर सांगितलं. मी लगेच हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र जेवण गेलं नाही. तिच्या बाबाची एक गोष्ट मी चोवीस वर्षं दाबून ठेवली होती आणि त्याच्या जागेवर बसायला निघालो होतो.

गाव जुनं. नदीवर दगडी पूल, पुलापलीकडे तटबंदीचा उरलेला भाग आणि एक बुरूज. चर्च आठशे वर्षांचं आहे म्हणतात. त्याची घंटा दर पंधरा मिनिटांनी वाजते, त्यामुळे घड्याळ पाहावं लागत नाही. दुपारी बारा ते दोन दुकानं बंद. मी ०५३० ला फिरायला निघायचो तेव्हा रस्त्यावर फक्त एक म्हातारा आणि त्याचं कुत्रं असायचं. म्हातारा टोपीला हात लावून "बोंजूर" म्हणायचा. मी सॅल्यूट ठोकायचो. दुसऱ्या दिवशी त्यानंही ठोकला, आणि तो शिकलेल्या माणसाचा सॅल्यूट होता. अशा शांततेत बाळापूरचा किल्ला फार आठवतो. गजाननसोबत मी तो दोनदा पाहिला होता, आणि दोन्ही वेळा त्यानं तो स्वतः बांधल्यासारखा दाखवला होता.

त्या गावात दुकानात शिरताना नमस्कार केल्याशिवाय आणि निघताना निरोप घेतल्याशिवाय चालत नाही. साधा पाव घेतला तरी "ओ रव्हॉर" म्हणायचं. गुरुवारी सकाळी आम्ही पाववालीकडे गेलो होतो. मी वैष्णवीला विचारलं, "याचा अर्थ काय?"

"पुन्हा भेटू. आता जाऊन राहिलो, पन परत भेटू, असं."

"म्हणजे आपलं 'येतो'."

"हो ना. सेम."

मी पाववालीला मराठीत सांगितलं, "येतो." बाई खूष झाली. वैष्णवी हसत बाहेर आली आणि फुटपाथवर थांबली.

"काका, बाबा शेवटी काय बोलले होते? वायरलेस सेटवर तुमीच होते न?"

समोर चौकात युद्धात गेलेल्यांचा स्तंभ होता. प्रत्येक गावात असतो म्हणे. त्यावर नावं कोरलेली, एकाच आडनावाची तीन, एकाखाली एक. शेजारी बाक होतं. मी तिला म्हणालो, बस. आणि सांगायला सुरुवात केली. ते असं.

आमची पलटण मराठी. सेटवर, म्हणजे वायरलेसवर, हिंदी बोलायचा नियम होता, पण आपसात सगळे मराठीच बोलत. त्यातही सातारा-कोल्हापूरची पोरं जास्त आणि आम्ही वऱ्हाडी मोजके. मी बोलणं बदललं होतं. गजाननला ते जमलं नाही आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. एका वर्षी राजस्थानात एक्सरसाइज, म्हणजे युद्धसराव, चालू होती. दुपारी सुभेदार साहेबांनी त्याला सेटवर विचारलं, "तुमची पार्टी कुठं आहे? ओव्हर."

"विहिरीकडून येऊन राहिलो, साहेब. ओव्हर."

साहेब साताऱ्याचे. त्यांनी 'विहीर' आणि 'राहिलो' एवढंच धरलं, आणि त्यांना वाटलं, पार्टी विहिरीपाशी येऊन तिथेच राहिली आहे. त्यांनी जेवणाची गाडी विहिरीकडे पाठवली. पार्टी इकडे कॅम्पवर येऊन बसली, गाडी तिकडे विहिरीवर. तीस जवान १६३० पर्यंत उपाशी. कंपनी आठवडाभर हसत होती. साहेबांनी मला बोलावून झापलं, कारण मी गजाननचा सेक्शन कमांडर आणि वर त्याच्यासारखाच वऱ्हाडी.

मी गजाननला बाहेर घेतलं. "आजपासून सेटवर ते 'राहिलो-बिहिलो' बंद. सरळ 'येतो' म्हणायचं."

"पन भाऊ, येतो म्हंजे मंग येतो. येऊन राहिलो म्हंजे रस्त्यात हाय. दोन गोष्टी अलग हायेत."

"हुकूम आहे."

"बरं," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं सेटवर एकदाही चूक केली नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही उत्तरेला बर्फात होतो. मी प्लाटून हवालदार, खालच्या पोस्टवर. वर दोन तासांवर एक छोटी पोस्ट, हिवाळ्यात रिकामी. दर आठवड्याला चार जणांची लिंक पार्टी वर जायची, सामान ठेवून परत यायची. त्या दिवशी पार्टी कमांडर गजानन. बर्फात कोणीही एकट्यानं चालायचं नाही, हा तिथला पहिला नियम. तो पाळला नाही तर शिक्षा होते, आणि शिक्षेपर्यंत पोचलात तर नशीबवान.

१४१० ला हवा बिघडली. मी सेट घेतला.

"लिंक पार्टी, बर्फ वाढतोय. लगेच निघा, नाहीतर आज वरच थांबा. ओव्हर."

"निघतो. ओव्हर."

१४३५ ला पुन्हा विचारलं. "निघालात का? ओव्हर."

"येतो. ओव्हर."

सेटवर खरखर सुरू झाली आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. मी कंपनीला रिपोर्ट दिला, पार्टी वाटेत आहे, चार जवान.

१५४० ला तिघे आले. त्यांनी सांगितलं, नाईकसाहेब मागून येतायत. बंकरातली बुखारी, म्हणजे शेगडी, धगधगत होती. ती विझवल्याशिवाय बंकर सोडता येत नव्हता. "तुमी व्हा पुढे, मी येतो," असं म्हणून त्यानं तिघांना वाटेला लावलं होतं. मी सेटवर विचारलं तेव्हा तो बंकरातच होता. तो वाटेत नव्हताच. मागून येईन, एवढंच त्यानं सांगितलं होतं.

मी त्याला मोकळं बोलू दिलं असतं तर 'येऊन राहिलो' म्हणजे वाटेत आणि 'येतो' म्हणजे अजून निघायचा आहे, हा फरक मला कळला असता. मी म्हणालो असतो, एकटा येऊ नकोस, वरच थांब. तो थांबला असता. हुकूम मानणारा होता. मी वऱ्हाडी असून मला त्याच्या 'येतो'चा अर्थ ऐकू आला नाही.

१५५५ ला सहा जण घेऊन मी निघालो. अर्ध्या वाटेवर उतार घसरून गेला होता. अंधार पडेपर्यंत खणलं. दुसऱ्या दिवशी ०९३० ला तो सापडला. डॉक्टर म्हणाले, त्याला काही कळलंही नसेल. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं. वर बंकरात बुखारी नीट विझवलेली होती.

एवढं सांगून मी थांबलो. घंटा दोनदा वाजून गेली होती. वैष्णवी पावाच्या पिशवीचा कागद दुमडत होती.

"आईले सांगितलं तुमी हे?"

"नाही. दर वर्षी त्या दिवशी बाळापूरला जातो, चहा घेतो, परत येतो. जमत नाही."

"काहून?"

"तू काका म्हणतेस, ते बंद झालं असतं."

ती उठून स्तंभापाशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, संपलं. बर्फात खणतानासुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो.

"मले राग आला हाय काका," ती म्हणाली. "लय आला हाय. पन उद्या माही परीक्षा व्हय, आज मले रडता येत नाई. आईले तुमीच सांगजा. मी नाई सांगणार."

"सांगतो."

"आन उद्या वक्तावर येजा. साडेनऊले."

(वहिनींना मी मे महिन्यात बाळापूरला जाऊन सगळं सांगितलं. त्या काय म्हणाल्या ते त्यांचं आहे, इथे लिहीत नाही.)

शुक्रवारी मी ०९१० ला हजर होतो. ब्लेझर, मेडल्स. पहिल्या रांगेत एका खुर्चीवर कागद चिकटवला होता, त्यावर मराठीत 'काका' लिहिलेलं. रात्री रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज पक्का होता. दोन तास ती फ्रेंचमध्ये बोलली, पाच प्राध्यापकांनी प्रश्न विचारले, मला एक अक्षर कळलं नाही. शेवटी टाळ्या वाजल्या त्यावरून पास झाली हे समजलं.

मग आभाराचं पान पडद्यावर आलं. वरची सगळी नावं फ्रेंच, शेवटचं एक देवनागरीत: नाईक गजानन इंगळे, बाळापूर. मुख्य प्राध्यापक पांढऱ्या केसांचे होते. त्यांनी चष्मा वर करून काहीतरी विचारलं.

"नाव कसं म्हणायचं, इचारून राहिले," वैष्णवी म्हणाली. "काका, तुमीच सांगा."

मी उभा राहिलो. टाचा जुळवल्या. "नाईक गजानन इंगळे."

प्राध्यापक म्हणाले, "गाझानाँ."

"नाही. पुन्हा. ग-जा-नन."

"गजानाँ."

"पुन्हा."

मागच्या रांगांतले लोकही ओठ हलवू लागले. पाववाली आली होती, तीही म्हणत होती. तिसऱ्या वेळी सगळा हॉल एकदम म्हणाला, गजानन. स्वच्छ आला. मग मी खाली बसलो.