जिवंत बहिणीचं वावर

ती घटना अजून मनातून उतरत नाही. तेव्हा मी सेलू तालुक्यात ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तेवढ्यात एक बाई समोर येऊन उभी राहिली. पन्नाशीची, आष्टीकडे दिलेली.

"साहेब, हिंगणीजवळच्या माह्या वावरात कारखान्याचं शेड उभं होऊन राह्यलं. मी त कोणाले वावर इकलंच नाई."

वावर तिचं आणि तिच्या मोठ्या भावाचं सामाईक होतं. वडील गेल्यावर दोघांचं बोलणं तुटलं होतं. सोयाबीन तेलाचा कारखाना टाकायला आलेल्या एका उद्योजकाला भावाने सगळी जमीन विकली होती. खरेदीखतावर बहिणीच्या नावापुढे फोटो होता, अंगठा होता. फोटोतली बाई मात्र दुसरीच.

फिर्याद घेऊन भावाला बोलावलं. तो बहिणीसमोरच म्हणाला, "खतावर हाय तेच माही बहीण. ही कोण, मले नाई ठाऊक."

खोटी फिर्याद घेऊन येणारा अशा वेळी आवाज चढवतो, हा माझा अनुभव. हिचा आवाज चढला नाही, म्हणून मी तपास पुढे न्यायचं ठरवलं.

पुढे खबऱ्याने माहिती आणली, की फोटोतली बाई बोरगाव मेघेत राहते, लग्नाकार्यात पोळ्या लाटायला जाते. महिला शिपाई पाठवून तिला आणलं. चौकशीत ती "मले काई मालूम नाई" एवढंच घोकत होती. शेवटी मी फिर्यादी बाईला आत बोलावलं आणि ती कोण ते सांगितलं. बोरगावची बाई दचकून उठलीच.

"बाई, तुमी त जित्त्या हा! तुमचा भाऊ मले म्हणे, बहीण मेली, काम अडून राह्यलं, अंगठ्यापुरती उभी राय."

भावालाही मी बोलावून तिथेच बसवलं होतं. त्याने मान खाली घातली आणि सगळं कबूल केलं.

बहीण त्याला म्हणाली, "काऊन रे दादा? मले इचारलं असतं, त मीच येऊन अंगठा देल्ला असता."

दोषारोपपत्र गेलं. बहिणीने जमिनीसाठी दिवाणी दावा लावला, त्यात बांधकामाला न्यायालयाची स्थगिती आली. उद्योजक ठाण्यात येऊन बसला. "साहेब, सातबारा पाहिला, वकील लावला, जाहीर नोटीस दिली. आणखी काय करायला हवं होतं?" खरेदीखत नोंदवलं म्हणजे विकणारा खरा मालक आहे, अशी हमी आपल्याकडे कोणी घेत नाही. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? त्याने यंत्रं दुसऱ्या जिल्ह्यात हलवली. गावातले जे तरुण कारखान्यात लागणार होते, तेच ट्रक भरायला हमाल म्हणून आले.

दाव्याचा निकाल लागायच्या आधीच भाऊ वारला. बहीण मातीला गेली होती. घरात तिला कोणी बस म्हटलं नाही, असं नंतर कानावर आलं.

कागदोपत्री तो तपास यशस्वी ठरला. खात्यात माझं कौतुकही झालं. पण गुन्हा उघडकीला आणून मी कोणाचंच काही परत मिळवून दिलं नाही. विकत घेणाऱ्याला खात्री हवी, असं आपण नेहमी म्हणतो. ती खात्री आधी त्या बहिणीला हवी होती, की तिचा हक्क कोणी परस्पर विकू शकणार नाही. तशी असती, तर उद्योजक बुडाला नसता, आणि सख्ख्या भावाने आपल्याला मेलेली ठरवलं, हे तिला पोलीस ठाण्यात ऐकावं लागलं नसतं.